खडू कुणाच्या हातात?

आज चेन्नईचा भाग असलेल्या एग्मोरला १७८९ मध्ये एक अनाथालय सुरू झालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी. त्याची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. एकदा घोड्यावरून जाताना बेलसाहेबांना एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर वाळू पसरून बसली होती आणि बोटाने अक्षरं गिरवत होती. ना कागद, ना शाई. चुकलं की हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचं.

बेल परतले आणि त्यांनी आपल्या शिक्षकांना सांगितलं, उद्यापासून सगळ्यात खालच्या वर्गाला असं शिकवा. शिक्षक म्हणाले, हे जमणार नाही. बेलनी वाद घातला नाही. त्यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला तो वर्ग देऊन टाकला. पोराने शिकवलं आणि ते जमलं. बेलनी १७९७ मध्ये लंडनला या प्रयोगावर पुस्तक छापलं. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची ही ‘मद्रास पद्धत’ पुढे इंग्लंडभर गाजली. जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये अशाच पद्धतीच्या शाळा काढल्या, तिथेही मुलं वाळूत अक्षरं गिरवू लागली.

तंत्रज्ञानाला नकार देणारा हट्टी मास्तर आणि पटकन शिकणारं पोर, हे पात्र-वाटप तेव्हापासून आजतागायत चालू आहे. ‘पोरांना मोबाइल जमतो, सरांना जमत नाही’ हा विनोद तुम्हीही व्हॉट्सॲपवर पुढे ढकलला असेल. पण ही गोष्ट बेलनी सांगितलेली आहे, त्यामुळे ती बेलच्या बाजूने आहे. त्यात एक तपशील निसटतो. ज्या देशी शाळेत वाळू होती, तिथल्या मास्तराला कुणी हुकूम दिला नव्हता. वाळू त्याचीच होती. किती पसरायची, कधी पुसायची, कोणाला आधी काय गिरवायला लावायचं, हे तोच ठरवत होता. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेतली धूळपाटीही अशीच होती. एग्मोरच्या शिक्षकांना मात्र वाळू आदेशासोबत मिळाली.

गंमत म्हणजे ही पद्धत पुढे आपल्याकडे ‘आधुनिक’ होऊन परत आली. १८२० च्या दशकात मुंबईत देशी शिक्षकांना लँकेस्टरच्या पद्धतीचं प्रशिक्षण देऊन गुजरात, दख्खन आणि कोकणात पाठवलं गेलं. जी गोष्ट इथल्या ओसरीवर आधीपासून होती, तिचं आता प्रशिक्षण घ्यावं लागत होतं.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात नवीन काही आणायचं असलं की निदान तीन प्रश्न विचारायची पद्धत आहे. हे वापरणार कोण? त्याला शिकायला वेळ किती मिळणार? आणि अडलं तर त्याला स्वतःला काय बदलता येणार? प्राथमिक शाळेतल्या तंत्रज्ञानाचा इतिहास हे तीन प्रश्न हातात धरून वाचला, तर तो यंत्रांचा इतिहास राहत नाही.

आकाशातून आलेला वर्ग

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने एक अचाट प्रयोग केला. नाव ‘साइट’. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. अनेक गावांनी रस्त्याआधी टीव्ही पाहिला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीचा, तीन मीटर व्यासाचा अँटेना इस्रोच्या लोकांनी बनवला होता. इंजिनिअर म्हणून मला आजही त्या जाळीचं अप्रूप वाटतं.

सकाळचा दीड तास शाळेच्या मुलांसाठी होता. हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू या चार भाषांना त्यात प्रत्येकी साधारण साडेबावीस मिनिटं. आता मास्तरांच्या जागी बसून बघा. चार इयत्ता एका खोलीत. कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू होणार. तो थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. तिसरीच्या पोराला कळलं नाही म्हणून दिल्लीला किंवा अहमदाबादला हात वर करून विचारता येत नाही. टीव्ही पुढे पळतो आणि मास्तर मुलांसारखेच प्रेक्षक होऊन बसतात.

पण साइटमधला जो भाग फारसा सांगितला जात नाही, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान शिकवण्याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण दोनदा झालं. एकूण सुमारे ४८ हजार शिक्षक. त्यात टीव्ही होता, रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या आणि हाताने करून बघायचे प्रयोगही होते. म्हणजे त्या बारा दिवसांत टीव्ही मास्तरांची जागा घेत नव्हता, त्यांना शिकवत होता. वर्गात जाऊन काय करायचं ते मास्तर ठरवणार होते. वर्ष संपलं, उपग्रह अमेरिकेने परत नेला, पडदे काळे झाले. शिक्षकांनी हाताने केलेला प्रयोग मात्र कुणालाच परत नेता येणार नव्हता.

कपाटातला खजिना

पुढे इन्सॅट आला. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनू लागले. आपल्यातल्या काही जणांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम अंधुकसे आठवत असतील. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. त्याच १९८४-८५ च्या सुमारास ‘क्लास’ नावाच्या योजनेखाली निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले.

आणि १९८७ मध्ये देशाने कोणती मोठी योजना सुरू केली? ‘खडू-फळा मोहीम’. काही शाळांत संगणक पोचला होता, आणि असंख्य प्राथमिक शाळांत धड फळा नव्हता. प्रत्येक शाळेला किमान दोन बऱ्या खोल्या, किमान दोन शिक्षक आणि शिकवण्याचं किमान साहित्य, एवढी साधी ही मागणी होती. फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, विज्ञानाची पेटी.

यातलं बरंच साहित्य अनेक शाळांत कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं. याला नुसता आळस म्हणणं सोपं आहे. सरकारी शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. भिंग फुटलं, मोजपट्टी हरवली, तर तपासणीत जाब मुख्याध्यापकाला. मुलांच्या हातात दिलेली वस्तू कधीतरी तुटणारच, पण नोंदवहीला ‘तुटली कारण वापरली’ हे कारण समजत नाही. मग शहाणा मास्तर काय करेल? कुलूप लावेल. हा भिडस्तपणा तंत्रज्ञानाचा नाही, हिशेबाचा आहे.

वेतनवाढीपुरता संगणक

२००१ मध्ये ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम आला. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा माउस धरला गेला तो या क्लासमुळे, हे मान्य करायलाच हवं. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं आणि ते वेतनवाढीशी जोडलं गेलं. जिल्हा परिषदेचे शिक्षकही त्यात आले. नोकरीची वीसेक वर्षं झालेले गुरुजी आणि बाई संध्याकाळी तालुक्याच्या गावी, आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून पत्राचा मजकूर टाइप करायला आणि तक्त्यात बेरीज लावायला शिकले.

त्यांनी वेळ दिला, पैसे भरले, परीक्षा दिली. पण दुसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवताना या यंत्राचं काय करायचं, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमाचा नव्हताच. तो कारकुनीचा अभ्यासक्रम होता. वापरणार कोण, या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तिथे ‘कर्मचारी’ असं होतं. ‘शिक्षक’ असं नव्हतं.

परितेवाडी

२००९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून डीएडला गेलेले. आपल्या पिढीत ही वाट बहुतेक जण उलट्या दिशेनेच चालतात. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूला गोठा. अनेक मुलांच्या घरी कन्नड बोलली जायची आणि पुस्तक मराठीत.

डिसलेंनी आधी कन्नड शिकून घेतली. मग पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, गोष्ट दिसते, स्वाध्याय उघडतो. यात नवा शोध म्हणावा असं काही नव्हतं. क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनला होता. वर्गात मात्र त्याने एक जुना पेच सोडवला. एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. पहिलीची मुलं फोनवर कविता ऐकत असतील तर तेवढा वेळ चौथीला मिळतो. बेलना वाळू आणि फ्रिस्किन यासाठीच हवे होते. अडचण दोनशे वर्षांपूर्वीचीच आहे: शिक्षक एक, गट अनेक.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०१७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घ्यायचं ठरवलं, पाठोपाठ देशपातळीवर तीच कल्पना आली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसलेंना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

वर्तमानपत्रांनी ‘क्यूआर कोडवाले गुरुजी’ असा मथळा चालवला. मला कोडपेक्षा कन्नड मोठी वाटते. कोडमागे काय ठेवायचं हे परितेवाडीतल्या त्या पोरांना ओळखणारा माणूस ठरवत होता. आज कविता कळली नाही, तर उद्या त्याच कोडमागे दुसरी ठेवता येत होती. तोच चौकोन बालभारतीच्या पुस्तकात छापून लाखो मुलांपर्यंत गेला, तेव्हा त्याचा आवाका प्रचंड वाढला, पण बहुतेक शिक्षकांसाठी तो पुन्हा वरून आलेली वस्तू झाला.

फोन एक, कामं दोन

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ‘डिजिटल शाळे’ची लाट सुरू झाली. ही लाट बऱ्याच अंशी लोकवर्गणीवर उभी राहिली. गावकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि कित्येक ठिकाणी शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, प्रोजेक्टर आला, टॅब आले. मग वीजबिल आलं. ते भरायला निधी नाही म्हणून कनेक्शन तोडलेल्या ‘डिजिटल’ शाळांच्या बातम्याही आपण वाचल्या.

त्याच वर्षी ‘सरल’ ही माहितीप्रणाली आली. विद्यार्थ्यांची माहिती भरा, पोषण आहाराची नोंद करा, फोटो अपलोड करा. शिक्षकाच्या हातातला फोन आता दोन दिशांना काम करतो. एक दिशा मुलाकडे, दुसरी वरच्या ऑफिसकडे. वरच्या दिशेला मुदत असते, स्मरणपत्र असतं, नोटीस असते. मुलाकडच्या दिशेला यातलं काहीच नसतं. रात्री सर्व्हर मोकळा असतो म्हणून जागून माहिती भरणाऱ्या बाईंना ‘तुम्ही टेक्नॉलॉजी वापरत नाही’ असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्या वापरतातच, फक्त ती वर्गात पोचत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हाच वर्ग झाला. ज्या घरात फोन एकच आणि तो बापासोबत कामावर, त्या घरातली मुलं वर्गाबाहेर राहिली. सोलापूरच्या नीलमनगरात, कामगार वस्तीत, एका शाळेच्या शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. अक्षरं, पाढे, व्याकरण, सूत्रं. मुलं गल्लीतून अंतर ठेवून फिरत आणि शिकत. धूळपाटी आडवी होती, ही उभी.

हे ऐकून ‘बघा, शेवटी यंत्र लागतच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. त्याच महिन्यांत महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांनी व्हिडिओ बनवायला, मीटिंगची लिंक पाठवायला, ध्वनिफितीतून गोष्ट सांगायला स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. कुठलाही बारा दिवसांचा वर्ग नसताना. कारण काय चाललं आणि काय नाही, हे त्या काही महिन्यांपुरतं त्यांच्यावर सोडलं गेलं होतं.

आता शाळांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा सुरू झाली आहे. पुढच्या फेरीतली यंत्रं बनवणाऱ्यांत माझ्यासारखेच, तुमच्यासारखेच लोक असतील. आपण बहुधा मुलाचा विचार करू, पालकाचा करू, मंत्रालयातल्या डॅशबोर्डचा तर नक्कीच करू. प्रशिक्षणासाठी अर्धा दिवस ठेवू आणि त्यातला पाऊण वेळ पासवर्ड तयार करण्यात जाईल. त्याआधी माढ्याच्या किंवा मोखाड्याच्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेत चार दिवस मागच्या बाकावर बसून यावं. बाईंना तुमच्या ॲपमधला धडा आवडला नाही तर तो काढून त्यांचा स्वतःचा घालता येतो का, एवढं एकच तपासावं. नीलमनगरच्या भिंतीवर पाढा चुकला असता, तर कुणाचीही परवानगी न मागता तो त्याच दिवशी ब्रशने दुरुस्त करता आला असता.