तळटीप : भागांचे शिनेमे

* भागांचे शिनेमे : मूकपटांच्या काळातल्या चोर-गुप्तहेरांच्या चित्रमालिका. अमेरिकी मालिकांचा एकेक भाग बहुधा दोन रिळांचा, वीस-पंचवीस मिनिटांचा. बऱ्याचदा ऐन संकटात तोडायचा आणि पुढचा भाग सहसा पुढच्या आठवड्यात. ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’ (१९१४) त्यांतली प्रसिद्ध. फ्रान्समध्ये लुई फय्यादने ‘फँतोमास’चे पाच लांब भाग (१९१३-१४) आणि मग ‘ले व्हँपीर’चे दहा भाग (१९१५-१६) काढले. फँतोमास हा अट्टल गुन्हेगार, वेषांतरात पटाईत. एका प्रसंगी इन्स्पेक्टर ज्यूव्ह आणि पत्रकार फाँदोर दोन बाजूंनी त्याचे हात धरून त्याला नेत असतात. गडी निसटतो, आणि या दोघांच्या हाती उरतात नकली हात! संवादाची गरजच नाही. म्हणून असे खेळ अक्षरओळख नसलेल्यालाही कळत.

आपल्याकडे कोहिनूर कंपनीचा ‘काला नाग’ (१९२४) हा मुंबईतल्या चांपशी-हरिदास खून प्रकरणावर बेतलेला होता. पण ती मालिका नव्हे, स्वतंत्र चित्रपट.

निवेदकाच्या ज्या आठवणीत ‘भागांचे शिनेमे’ येतात, तिच्यातले पाटोदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बालाघाटाच्या डोंगरात, रेल्वेपासून दूर. असा खेळ गावातच झाला की निवेदकाने तो मुंबईत पाहिला, हे मजकुरावरून ठरत नाही. वाचकांनी हा उल्लेख पाटोद्यातल्या चित्रपटप्रदर्शनाचा पुरावा म्हणून वापरू नये.