कायदा एकच, पण फाशी कुठे?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा विषय निघाला की 'ब्लडी कोड' हा शब्द हमखास येतो. १६८८ च्या सुमारास तिथे मृत्युदंडाचे साधारण ५० गुन्हे होते. पुढच्या सव्वाशे वर्षांत ते २०० च्या वर गेले. मेंढी चोरली, दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलला किंवा बनावट दस्तऐवज केला, तरी कायद्यात शिक्षा फाशीच. हे वाचून आपण लगेच म्हणतो, 'म्हणजे देशभर माणसं सारखीच फासावर जात असणार!' पण हा निष्कर्ष फक्त कायद्याचं पुस्तक वाचून काढलेला आहे. प्रत्यक्षात काय होत होतं, ते बघू.

लंडनबाहेरच्या काउंट्यांमध्ये गंभीर गुन्हे 'असाइझ' नावाच्या फिरत्या न्यायालयात चालत. देशाचे सहा सर्किट होते. लंडनच्या वरिष्ठ न्यायालयांतले न्यायाधीश जोडीने एकेका सर्किटवर निघत आणि बहुतेक काउंट्यांत वर्षातून दोनदा पोहोचत. अगदी उत्तरेकडच्या काही काउंट्यांत मात्र फक्त उन्हाळ्यात, म्हणजे वर्षातून एकदाच. तोवर आरोपी तुरुंगात वाट बघत बसलेला.

आता फाशीपर्यंतच्या पायऱ्या मोजा. तेव्हा आजच्यासारखे पोलीस नव्हते. खटला बहुधा ज्याची चोरी झाली त्यालाच भरावा लागे. त्याने कच खाल्ली की प्रकरण तिथेच संपलं. पुढे ग्रँड ज्युरी आरोपपत्र फेटाळू शकत होती. मग १२ जणांची ज्युरी. घरातून ४० शिलिंगांची चोरी म्हणजे फाशी, म्हणून ज्युरी कधीकधी मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवायची! शेवटी न्यायाधीश गाव सोडण्याआधी शिक्षा स्थगित करून राजाकडे माफीची शिफारस करू शकत होते. १७१८ च्या कायद्यानंतर अशा अनेकांची रवानगी अमेरिकेतल्या वसाहतींत झाली.

थोडक्यात, प्रत्येक पायरीवर स्थानिक माणसांचं मत शिरायला जागा होती. डग्लस हे यांनी १९७५ च्या प्रसिद्ध निबंधात म्हटलं, की दहशत आणि दया या दोन्हींच्या जोरावर जमीनदार वर्ग आपली सत्ता टिकवत होता. जॉन लँगबाइन यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते खटले भरणारे बरेचसे सामान्य लोकच होते.

पण हे सगळीकडे सारखंच होतं का? पीटर किंग आणि रिचर्ड वॉर्ड यांनी २०१५ साली 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचं साधन बघा: फाशीवर झालेला खर्च परत मिळावा म्हणून शेरीफ सरकारी खजिन्याकडे पाठवत असलेली बिलं! त्यातून देशभरच्या फाशींचा हिशेब लागला. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी लंडन आणि आसपास फाशीचं प्रमाण खूप जास्त; कॉर्नवॉल, वेल्स, उत्तर इंग्लंड अशा कडेच्या भागांत फारच कमी. कायदा तोच, पण तो वापरायची तयारी तिथे नव्हती.

यात आपल्यासाठी काय आहे? लंडनच्या ओल्ड बेलीचे छापील वृत्तांत मुबलक आहेत आणि इंटरनेटवर सहज शोधता येतात. साहजिकच अभ्यासक आधी तिकडे वळतात. पण ते न्यायालय वर्षातून आठदा भरायचं, म्हणजे काउंट्यांपेक्षा त्याची चालच वेगळी. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हा पक्षपाती नमुना झाला. नमुना मोठा असला म्हणून तो प्रातिनिधिक ठरत नाही.

म्हणून विषय निवडताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. ही नोंद कोणी आणि कशासाठी केली? ती कुठल्या भागाची आहे? आणि आकडा दिसला तर तो कशाच्या प्रमाणात मोजलाय? फाशीची शिक्षा किती जणांना सुनावली आणि प्रत्यक्ष किती जण फासावर गेले, हे दोन आकडे वेगळे आहेत. त्यांच्यामधल्या फरकात जिवंत राहिलेली माणसं आहेत.