कासुंदी

कासुंदी : मोहरी, कैरी, मीठ व हळद वाटून आणि मुरवून केलेले बंगालचे दाट, झणझणीत तोंडीलावणे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेश या दोन्ही ठिकाणी ते केले जाते. कोलकात्यात गरम भात व पालेभाजीपासून ते उपाहारगृहातल्या चॉप-कटलेटपर्यंत सगळ्यांबरोबर ते वाढतात. दूध, दही, अंडे, मध यांपैकी काहीही कासुंदीत नसते आणि तेल न घालताही ती उत्तम होते. त्यामुळे घरच्या घरी बिनतेलाचे, पूर्णपणे वनस्पतिजन्य (व्हीगन) आणि तरीही दाटसर सॅलड ड्रेसिंग करायचे असेल, तर कासुंदी हा त्याचा भारतीय स्वयंपाकातला एक चांगला पाया आहे.

परंपरा : कासुंदी पूर्वी अक्षय तृतीयेच्या सुमारास घातली जाई. वैशाखात नवी मोहरी घरात आलेली असते, झाडांना कैऱ्या असतात आणि ऊन कडक असते. कासुंदीला या तिन्ही गोष्टी लागतात. मोहरी धुणे, वाळवणे व कुटणे ही कामे सोवळ्याने होत. पूर्व बंगालमधील घरांत कासुंदीचे विशेष कौतुक होते. 1947 च्या फाळणीनंतर तिकडची असंख्य कुटुंबे कोलकात्यात स्थायिक झाली आणि त्यांच्या चवीही शहरात रुजल्या. कैरीचे प्रमाण अधिक असलेल्या प्रकाराला ‘आम कासुंदी’ म्हणतात.

तेल-दुधाशिवाय दाटपणा आणण्याची कला बंगाली स्वयंपाकात फार पुढे गेलेली आहे. तिथे वाटणाला ‘बाटा’ म्हणतात आणि शीळ-नोडा, म्हणजे पाटा-वरवंटा, हे त्याचे साधन. मोहरीचे, खसखशीचे (पोस्तो) आणि नारळाचे वाटण हे या पाककलेचे तीन आधार आहेत. उच्चवर्णीय हिंदू विधवांवर मासे, मांस, कांदा, लसूण व मसूर यांची बंदी लादलेली असे. त्या कठोर बंधनातही या स्त्रियांनी बंगालचा ‘निरामिष’ स्वयंपाक समृद्ध केला. त्यांचे हे ऋण कासुंदीच्या इतिहासात स्पष्टपणे नोंदवायला हवे.

कोलकात्यातील वापर : कॉलेज स्ट्रीट परिसरातील दिलखुशा केबिन, शोभाबाजारातील मित्रा कॅफे यांसारख्या जुन्या उपाहारगृहांनी फिश फ्राय व कविराजी कटलेट लोकप्रिय केले. अशा पदार्थांच्या ताटलीत कांदा, काकडी, बीट यांच्या चकत्या आणि शेजारी कासुंदी असते. बीट, गाजर व शेंगदाणे घातलेला भाज्यांचा चॉप आणि केळफुलाचा ‘मोचार चॉप’ यांनाही तिचीच जोड असते. म्हणजे कच्च्या भाज्या आणि कासुंदी ही सांगड कोलकात्यात जुनीच आहे. घरात उकडलेल्या सुरणाला कासुंदी लावतात. तिच्यातल्या आंबटपणाने सुरणाची खाजही कमी होते.

झणक्याचे रसायन : मोहरीचा अख्खा दाणा चावला तर प्रथम तिखट लागत नाही. दाण्यात ग्लुकोसिनोलेट ही संयुगे आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी मिळाले की दोन्ही एकत्र येतात आणि अॅलिल आयसोथायोसायनेटसारखी उडनशील द्रव्ये तयार होतात. नाकात जाणारा झणका त्यांचाच. कृतीचे तीन नियम यातूनच निघतात. पहिला, मोहरी थंड पाण्यात वाटावी, कारण उकळत्या पाण्याने विकर निकामी होते. दुसरा, वाटल्यावर सुमारे दहा मिनिटे थांबावे, म्हणजे झणका पूर्ण खुलतो. तिसरा, आंबट त्यानंतर घालावे. ते आधी घातले तर विकराचे काम मंदावते. नंतर घातले तर तयार झालेला झणका टिकून राहतो. मोहरीचे वाटण कडू होऊ नये म्हणून बंगाली घरांत ती मीठ व हिरवी मिरची घालूनच वाटतात.

फ्रान्समधील दिजाँ येथील प्रसिद्ध मोहरीतही हेच तत्त्व आहे. जाँ नेजों यांनी तिच्यात व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस वापरला. बंगालमध्ये तेच काम कैरी करते.

दाटपणा कशाने येतो : अमेरिकी मानकानुसार मेयोनीजमध्ये किमान 65 टक्के वनस्पती तेल असावे लागते. फ्रेंच व्हिनेग्रेतमध्ये साधारणपणे तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर असते. तेलाने येणारा हा दाटपणा बिनतेलाच्या ड्रेसिंगमध्ये बिया आणि दाण्यांमधून आणावा लागतो. बारीक वाटल्यावर त्यांच्यातील प्रथिने, तंतू आणि स्निग्धांश पाण्यात एकजीव होतात. मोहरीच्या सालीतला चिकट अंश व तिची प्रथिने हे मिश्रण फुटू देत नाहीत.

‘बिनतेलाचे’ म्हणजे ‘स्निग्धांशरहित’ नव्हे. मोहरीत साधारण 35 ते 40 टक्के, ओल्या खोबऱ्यात सुमारे एकतृतीयांश आणि खसखस, तीळ, काजू, मगज यांत वजनाच्या जवळपास निम्मा स्निग्धांश असतो. फरक असा की इथे तो दाण्यातील तंतू व प्रथिनांसह पोटात जातो आणि बराच मोठा भाग पाण्याचा असल्याने चमच्यामागे त्याचे प्रमाण कमी राहते.

ठेवणीची कासुंदी : पिवळी व काळी मोहरी प्रत्येकी 50 ग्रॅम निवडून, धुऊन चार तास थंड पाण्यात भिजवावी. पाणी निथळून दोन चहाचे चमचे मीठ आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या घालून, लागेल तसे थोडे थंड पाणी घेत वाटावी. दहा मिनिटांनी सुमारे 150 ग्रॅम कैरीचा गर आणि अर्धा चमचा हळद घालून पुन्हा गंधासारखी मऊ वाटावी. मिक्सर सलग चालवल्यास वाटण तापते, म्हणून थांबत थांबत फिरवावा. कोरड्या काचेच्या बरणीत भरून, तोंडाला फडके बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवावी आणि नंतर फ्रिजमध्ये. प्रत्येक वेळी कोरडाच चमचा घालावा. पारंपरिक ठेवणीत वर मोहरीच्या तेलाचा थर देतात. तो वगळल्यास फ्रिज आवश्यक ठरतो.

ड्रेसिंगची कृती : चार जणांच्या सॅलडसाठी दोन मोठे चमचे खसखस आणि दोन मोठे चमचे चारमगज (कलिंगड, खरबूज, काकडी व भोपळा यांच्या सोललेल्या बिया) कोमट पाण्यात दोन तास भिजवावे. ते निथळून अगदी कमी पाण्यात प्रथम बारीक वाटावे. सुरुवातीलाच पाणी जास्त झाले की खसखस पात्याखालून निसटते आणि कचकच राहते. मग तीन मोठे चमचे ओले खोबरे घालून वाटावे आणि चार-पाच मोठे चमचे पाणी थोडे थोडे घालत मिश्रण पळीवाढे करावे. शेवटी एक मोठा चमचा कासुंदी, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा गूळ आणि चवीपुरते मीठ हाताने मिसळावे. कोलकात्यात यासाठी गंधराज लिंबू मिळते. त्याचा सुगंध सालीत असल्याने किंचित साल किसून घालतात, पण पांढरा भाग घेत नाहीत, तो कडू असतो. दहा मिनिटांत बिया पाणी शोषतात आणि मिश्रण आणखी घट्ट होते, म्हणून सुरुवातीला ते थोडे सैलच ठेवावे.

खसखस महाग आहे. ती अफूच्या झाडाची बी असून भारतात अफूची लागवड मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकऱ्यांपुरतीच मर्यादित असल्याने तिचा पुरवठा बेताचा असतो. तिच्याऐवजी पांढरे तीळ, भिजवलेले दहा-बारा काजू किंवा भाजून सोललेले शेंगदाणे चालतात. काकडी, मुळा, गाजर, उकडलेले बीट व बटाटा, मोड आलेले मूग आणि उकडलेले हरभरे यांना हे ड्रेसिंग चांगले लागते. पाणी सुटू नये म्हणून ते वाढण्याच्या वेळीच कालवावे.

मराठी मुलखातील नातेवाईक : महाराष्ट्रातील ‘फेसलेली मोहरी’ ही कासुंदीची सख्खी बहीण होय. पाण्याचा हबका देत फेस येईपर्यंत मोहरी वाटून ती कोशिंबिरीला, लाल भोपळ्याच्या भरताला व केळफुलाच्या भाजीला लावतात. गोव्यातील ‘सासव’ तर ड्रेसिंगच्या अधिकच जवळ जाते. ओले खोबरे व मोहरी वाटून, गूळ घालून ते आंब्याला किंवा अननसाला लावतात. काही घरांत त्याला फोडणी देतात, पण मूळ वाटणाला तिची गरज नसते. ज्यांना कासुंदी मिळत नाही त्यांनी एक चहाचा चमचा फेसलेली मोहरी आणि एक मोठा चमचा किसलेली कैरी वरील कृतीत वापरावी.

दक्षता : मोहरीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ होऊ शकते. त्या दिसायला मोहरीसारख्या असतात आणि विषारी असतात. एपिडेमिक ड्रॉप्सी या सूज आणणाऱ्या आजाराची भारतातील पहिली साथ 1877 मध्ये कोलकात्यातच नोंदली गेली. त्याचे कारण मोहरीच्या तेलातील हीच भेसळ असल्याचे पुढे स्पष्ट झाले. 1998 मध्ये दिल्लीत याच भेसळीने अनेकांचे बळी घेतले. मोहरी खात्रीची घ्यावी आणि निवडूनच वापरावी. मोहरी व तीळ यांची अॅलर्जी असणारेही असतात. युरोपीय संघाने वेष्टनावर नोंदवणे बंधनकारक केलेल्या 14 अॅलर्जीकारक पदार्थांत या दोन्हींचा समावेश आहे, म्हणून पाहुण्यांना आधी विचारावे. विकतच्या कासुंदीत तेल, साखर किंवा परिरक्षक असू शकते, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचावेत. कोलकाता व कोकण यांसारख्या ठिकाणच्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याचे ड्रेसिंग बाहेर टिकत नाही. ते फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवावे.

मूल्यमापन : ‘व्हीगन’ ही संज्ञा 1944 मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणली. तिच्या कितीतरी आधीपासून बंगाल, गोवा व महाराष्ट्रातील स्त्रिया दूध-अंड्याशिवाय दाट, रुचकर वाटणे करत आल्या आहेत. बिनतेलाचे ड्रेसिंग हवे असणाऱ्याने परदेशी बाटली शोधण्याआधी आपला पाटा-वरवंटा किंवा मिक्सर आणि मूठभर मोहरी वापरून पाहावी. चव, खर्च आणि ताजेपणा या तिन्ही कसोट्यांवर घरची कासुंदी सरस ठरते.