तरस (वऱ्हाडातील)

तरस : मांसाहारी गणाच्या हायीनिडी कुलातील सस्तन प्राणी. भारतात याची पट्टेरी ही एकच जाती आढळते. वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आणि अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णा परिसराच्या झुडपी जंगलात त्याचे वास्तव्य आहे. ग्रामीण बोलीत त्यास ‘तडस’ असेही म्हणतात.

तरस हे नाव संस्कृत ‘तरक्षु’ या शब्दापासून आले. शुक्ल यजुर्वेदातील अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत काळा कुत्रा व गाढव यांच्या जोडीने तरक्षू राक्षसांच्या वाट्यास दिलेला आहे. अमरकोशात त्याचा पर्याय ‘मृगादन’, म्हणजे हरणे खाणारा, असा आहे. हे वर्णन त्यास फारसे लागू पडत नाही. लहानसहान प्राणी, क्वचित शेळी वा कुत्रे तो मारतो. परंतु त्याचा मुख्य आहार मृत जनावरे हाच होय. वाघाने टाकलेली हाडेही तो फोडून खातो. त्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी दिसते. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या गुरांची विल्हेवाट त्याच्यामुळे लागत असे.

तरस नर व मादी दोन्ही असतो, ही समजूत ग्रीसमध्ये रूढ होती. शेपटीखालील ग्रंथीच्या घडीमुळे हा भ्रम होतो, असे ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकातच दाखविले. तरी समजूत टिकली. लिनीअसने १७५८ मध्ये त्यास कुत्र्याच्या वंशात घातले. वस्तुतः तो मांजर व मुंगूस यांना अधिक जवळचा आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये ब्रिटिश कारभाराखाली आला. पुढे हिंदुस्थान सरकारच्या हिंस्र पशूंच्या वार्षिक तक्त्यांत वाघ, बिबळ्या, अस्वल, लांडगा यांच्याबरोबर तरसाचाही रकाना असे, आणि अशा पशूंना मारण्याबद्दल बक्षिसे दिली जात. मुले पळविण्याचा आरोप त्याच्यावर येई. त्यात लांडग्याच्या कृत्यांची सरमिसळ होणे स्वाभाविक होते. प्रेते उकरण्याचा आरोप मात्र निराधार नाही. म्हणूनच लहान मुलांच्या उथळ दफनावर दगड व काटेरी फांद्या रचण्याची रीत पडली. भारताच्या काही भागांत तो चेटकिणीचे वाहन मानला जाई. पुढचे पाय लांब असल्याने त्याची पाठ मागे उतरती दिसते व चाल लंगडी वाटते. कुत्र्यांनी घेरल्यास तो मेल्याचे सोंग करतो. त्याच्या भित्रेपणाच्या ख्यातीस हे पुरेसे ठरले. ‘हसणारा तरस’ हे वर्णन मात्र आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाचे असून, वऱ्हाडातील तरस सहसा निःशब्द वावरतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले.