डेम्लो संख्या : एका शाळाशिक्षकाचे गणितधन

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेमार्गावर, डेम्लो नावाचे स्थानक होते. ते म्हणजेच आजचे डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना संख्यांच्या एका कुळाचा अभ्यास करण्याची कल्पना याच स्थानकावर सुचली, आणि त्यांनी त्या कुळाला स्थानकाचेच नाव दिले. या कुळातील सर्वांत देखणी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय.

सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच राहते. ती नऊ एककांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नऊचाच वर्ग. यामागील कारण शाळेतल्या साध्या गुणाकारात दडलेले आहे. १११११११११ ला तिनेच गुणताना एकाखाली एक नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन असे एकक वाढत जातात, मधल्या स्तंभात नऊ होतात आणि पुढे त्याच क्रमाने घटतात. कोठेही हातचा येत नाही. एकक दहा घेतले, तर मधल्या स्तंभात हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होते. चढउताराची ती रेखीव रांग तेथे भंगते.

कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण घेऊन १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाचे पाठबळ नाही. त्यामुळे अनेक विद्वानांनी त्यांच्या संशोधनाला पोरखेळ मानले. तरीही ते परिषदांना जात राहिले आणि छोट्या पुस्तिका छापत राहिले. १९४९ च्या मद्रास परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडे, म्हणून ते शिकवण्या घेत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा सत्तरीतील या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कोलकात्याला गणिताची परंपरा नवी नाही. सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने येथे १९०८ सालीच कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली. अशा संस्थांचे मोल मोठे आहेच. परंतु शाळेच्या फळ्यावर मांडलेला गुणाकारही शोधाचे उगमस्थान ठरू शकतो, हे कापरेकरांनी दाखवून दिले. आपल्या पाल्याच्या वहीत विनाकारण मांडलेली आकडेमोड दिसली, तर पालकांनी ती पुसण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावी.