मिठाचा भाव

मिठाची बरणी रिकामी झाली की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणवतो. त्यावर छापलेली किंमत वाचण्याचेही श्रम घेत नाही. परंतु आपण ज्या भूमीला दुसरे घर मानले, त्या छत्तीसगडच्या व्यापाराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास प्रारंभ मिठापासूनच करावा लागेल. धानाने संपन्न असलेल्या या प्रदेशाला समुद्रकिनारा नाही. येथे मीठ सदैव बाहेरूनच आले.

1741 साली भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. त्या काळी वंजाऱ्यांचे तांडे येथील धान्य बैलांच्या पाठीवर लादून नेत आणि परतताना मीठ आणीत. वाटेत बैलांचा चारा, चोरांचे भय, पावसात विरघळणारा माल आणि नाक्यानाक्यावर सायर! म्हणून बाजारात मीठ महाग दिसले तरी ती सारी रक्कम व्यापाऱ्याच्या गाठीस पडली, असे समजू नये. चढा भाव आणि मोठा नफा या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि आपण ग्राहक त्या नेहमी एक धरतो.

इंग्रजांनी तर मिठासाठी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषाच आखली होती. तिच्या बऱ्याच भागात काटेरी कुंपण वाढविलेले होते. ती 1879 साली उठली. 1882 मध्ये मणामागे 2 रुपये कर ठरला, तो 1888 मध्ये अडीच रुपये झाला. चाळीस शेरांच्या मणाला चाळीस आणे, म्हणजे शेरामागे नेमका एक आणा. त्याच सुमारास रेल्वे रायपुरास पोहोचली. रुळांनी वाहतूक स्वस्त केली, पण एका हाताने मिळाले त्यातील काही भाग दुसऱ्या हाताने सरकारने काढून घेतला!

खरा प्रश्न रूळ संपत तेथून पुढे होता. 1900 मध्ये अरुंद मापाची गाडी धमतरीपर्यंत गेली. त्यापुढे केशकाल घाट आणि बस्तरचे अरण्य. तेथील आठवडी हाटांत चारोळीच्या बदल्यात तेवढ्याच वजनाचे मीठ देण्याची रीत दीर्घकाळ चालली. ज्या चारोळीचे चार दाणे आपण श्रीखंडावर हात आखडून पेरतो, ती चारोळी! रानात फळे वेचणे, भिजवून साल काढणे, वाळविणे, कठीण कवच फोडून गर काढणे, या कष्टांचे मोल मिठाएवढे. येथे वाहतुकीचा खर्च हे कारण पुरे पडत नाही. विकणाऱ्या बाईस शहरातला चारोळीचा भाव ठाऊक नव्हता आणि मिठावाचून तिचे चालत नव्हते. व्यापाऱ्यास दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या.

सरकारी कामानिमित्त मी बस्तरात हिंडलो तेव्हा व्यवहार पैशांत होऊ लागला होता. तरीही मापाविषयीची तक्रार वृद्धांच्या तोंडून ऐकावयास मिळे. आपल्या पायलीच्या नात्यातलेच माप तिकडेही आहे. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट! दशमान वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली खरी, पण तराजू धरणारा हात कायद्याने एकदम बदलत नाही.

बंद पुड्यांवर किंमत छापण्याचे नियम 1977 चे. पूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांच्या आडोशाने दुकानदार वाटेल ते मागू शके. 1990 च्या दुरुस्तीने सर्व करांसह कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले. ती कमाल आहे, ठरीव नव्हे, हे आपल्यातील सुशिक्षितही विसरतात. शिवाय ती आकारतो उत्पादक. त्यात दुकानदाराचा वाटा किती, हे पुड्यावर लिहिलेले नसते.

2000 साली छत्तीसगड राज्य झाले. पुढे शासनाने गरीब कुटुंबांना शिधापत्रिकेवर आयोडीनयुक्त मीठ प्रथम नाममात्र दराने व नंतर निःशुल्क देण्यास सुरुवात केली. चारोळीला मात्र रायपूरच्या बाजारात आजही सुक्या मेव्याचा भाव आहे.