वेदनेवांचून अर्धशिशी

अर्धशिशी म्हटली कीं अर्ध्या मस्तकाचा ठणका, हीच कल्पना मनांत उभी राहते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांतील ‘अर्धावभेदक’ हें नांवही वेदनेवरूनच पडलें आहे. परंतु या रोगाच्या कांहीं प्रकारांत डोकें मुळींच दुखत नाहीं. केवळ दृष्टि, वाचा किंवा स्पर्शज्ञान कांहीं काळ बिघडतें. अशा रोग्याचें म्हणणें वैद्यकास कसें पटत गेलें, तो इतिहास बोधप्रद असल्यानें आम्ही थोडक्यांत देत आहों.

ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांस असे झटके येत. प्रथम दृष्टीच्या मध्याजवळ लहानसा भाग अंधुक होई. मग त्याच्या कडेस थरथरणारी, कोनाकोनांची रेषा उमटून ती कमानीप्रमाणें वाढत जाई, आणि सुमारें अर्ध्या तासांत सर्व पूर्ववत् होई. इ. स. १८६५ मध्यें डेव्हिड ब्रूस्टर या प्रकाशशास्त्रज्ञानें अशा विकाराचें मूळ नेत्रपटलांत मानिलें. त्याच वर्षीं एअरी यांनीं तें मेंदूंत असल्याचें प्रतिपादिलें. त्यांचे चिरंजीव डॉ. ह्यूबर्ट हेही याच विकाराचे धनी. त्यांनीं १८७० सालीं आपल्या झटक्यांचीं क्रमवार चित्रें रॉयल सोसायटीपुढें ठेविलीं. ती रेषा त्यांस नगराच्या तटासारखी भासली, म्हणून ‘तटदर्शन’ या अर्थाचें ग्रीक नांव त्यांनीं योजिलें.

पुढें १९४१ सालीं कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें स्वतःच्याच झटक्यांतील रेषेची गति टिपली, आणि मेंदूच्या पृष्ठभागावर हा विकार मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर पसरत असावा असें अनुमान काढिलें. १९४४ सालीं ब्राझिलच्या लेआँव यांनीं सशाच्या मेंदूंत तशीच मंद लाट सरकतांना पाहिली. २००१ सालीं चुंबकीय प्रतिमांच्या साह्यानें जवळजवळ तेवढ्याच वेगाची लाट जिवंत माणसाच्या मेंदूंत, झटका चालू असतांनाच, दिसून आली.

यंत्र येण्यापूर्वीं पाऊणशें वर्षांहून अधिक काळ या ज्ञानाचा आधार होता तो रोग्यांच्या काटेकोर निवेदनाचाच. वेदना नाहीं म्हणून रोगच नाहीं, असें म्हणणें त्यामुळें अशास्त्रीय ठरतें. मात्र उलट सावधगिरीही हवी. अर्धशिशीचीं लक्षणें बहुधा हळूहळू पसरतात. पक्षाघाताचीं बहुधा एकाएकीं येतात. प्रथमच दृष्टि गेली, वाचा अडखळली किंवा एक अंग लुळें पडलें, तर अर्धशिशी असेल असें समजून स्वस्थ न बसतां तत्काळ डॉक्टर गांठावा. रोग्यानें नीट पाहावें व वैद्यानें नीट ऐकावें, हेंच या इतिहासाचें तात्पर्य होय.